टोपलीभर मातीचे ओझे : रायपूरचे शिक्षक माधवराव सप्रे



जुन्या रायपुरातील तात्यापारा वस्तीत २३ एप्रिल १९२६ रोजी एका शिक्षकाचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. मागे इस्टेट नव्हती, सरकारी किताब नव्हता. मागे होती ती एक मुलींची शाळा, एक राष्ट्रीय विद्यालय, एक अनाथालय, काही बंद पडलेली नियतकालिके, भाषांतरित ग्रंथ आणि मध्य प्रांतात विखुरलेले शिष्य. ह्या शिक्षकाचे नाव माधवराव सप्रे. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदी गद्याच्या घडणीत अग्रभागी राहिला. हिंदी प्रदेशात त्याचे नाव आदराने घेतले जाते. मराठी वाचकाला मात्र तो फारसा ठाऊक नाही.

माधवराव कम्युनिस्ट नव्हते. देशातील कम्युनिस्ट गटांना एकत्र आणणारी कानपूरची परिषद डिसेंबर १९२५ मध्ये भरली, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी त्यांचा अंत झाला. ते लोकमान्य टिळकांच्या परंपरेतले, समर्थ रामदासांना मानणारे, धर्मनिष्ठ गृहस्थ होते. तेव्हा त्यांना आपल्या रांगेत ओढून बसविण्याचे कारण नाही. परंतु ज्या माणसाने १९०१ साली जमीनदाराने बळकावलेल्या झोपडीची कथा लिहिली, ज्याने स्वदेशीच्या काळात कामगारांच्या संपाची कारणे वाचकांना समजावून सांगितली, आणि ज्याला परकीय सरकारने घराच्या दारातूनच कोंडीत पकडले, त्या माणसाचे जीवन श्रमिकांच्या चळवळीने लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. त्यात गौरवाचा भाग आहे, तसाच एक अवघड भागही आहे. अवघड भाग झाकून केलेले स्मरण हे स्मरण नव्हे.

मराठी घर, छत्तीसगढी माती

छत्तीसगढमध्ये मराठी कुटुंबे आली ती नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेबरोबर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अंमलाखाली होता. कारकून, कमाविसदार, पुराणिक, वैद्य, शिपाई अशा नात्यांनी मराठी माणसे रतनपूर, बिलासपूर, रायपूर येथे स्थायिक झाली. म्हणजे येथील मराठी वर्गाचा आरंभ राज्यकर्त्यांच्या आश्रयाने झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमलात त्यांच्यातील शिकलेल्यांची पुढची पिढी कचेऱ्यांतून, शाळांतून, न्यायालयांतून शिरली. गावातला शेतकरी, गोंड, सतनामी, हलबा ह्यांच्याशी त्यांचा संबंध बहुतेक वेळा कागदाच्या एका बाजूला कारकून आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उठवणारा, एवढाच राहिला.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. कुटुंब लवकरच बिलासपूरला आले. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरले बंधू बाबूराव ह्यांनी धाकट्या भावाच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा भार उचलला. हे नाते लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे माधवरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगी हेच नाते निर्णायक ठरले. ज्या घरात थोरला भाऊच बाप होतो त्या घरात धाकट्याच्या मनावर त्या ऋणाचा किती खोल ठसा उमटतो, हे मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांतून आलेल्या कोणाही कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही.

बिलासपूरला प्राथमिक व माध्यमिक शिक्षण झाल्यावर माधवराव रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथील शिक्षक नंदलाल दुबे ह्यांनी त्यांना हिंदीची गोडी लावली. शिक्षकाने शिष्याच्या मनात जे बीज टाकले ते पुढे किती फळाला आले हे पाहिले की शाळेतील चार भिंतींचे महत्त्व कळते. १८९० साली मॅट्रिक झाल्यावर पुढचे शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. विवाह झाला होता, पैशाची चणचण होती. मध्येच ठेकेदारीचा उद्योग करून पाहिला, तो अंगावर आला. जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशी भ्रमंती करीत अखेर कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ची पदवी त्यांनी मिळविली, तेव्हा ते पंचविशी ओलांडून गेले होते.

त्या काळी मध्य प्रांतातील बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचा दरवाजा सताड उघडा होता. सासर सरकारी अधिकाऱ्याचे होते. महसूल खात्यात शिरणे म्हणजे घराला स्थैर्य, नातलगांत मान आणि म्हातारपणी पेन्शन. माधवरावांनी तो दरवाजा बंद केला. नकाराची किंमत एकट्याने मोजायची नसते. ती घरच्यांनाही मोजावी लागते. त्यांनी ती जाणूनबुजून पत्करली.

पेंड्र्याची शाळा

त्यांनी पत्करले ते शिक्षकाचे काम. बिलासपूर जिल्ह्याच्या उत्तरेस, डोंगराळ जंगलपट्टीत पेंड्रा नावाची जमीनदारी होती. तेथील राजकुमाराला इंग्रजी शिकविण्यासाठी महिना पन्नास रुपयांवर ते रुजू झाले. आज हा भाग २०२० साली स्थापन झालेल्या गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यात येतो. बिलासपूरहून कटनीकडे जाणारी रेल्वे ह्या भागातून नुकतीच गेली होती, म्हणून टपाल पोचत असे. बाकी छापखाना नाही, ग्रंथालय नाही, वाचणारा वर्ग म्हणावा तर तोही नाही.

अशा ठिकाणी बसून ह्या शिक्षकाने काय करावे? पगारातून पैसा पैसा वाचवून त्याने मासिक काढले. जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' चा पहिला अंक निघाला. संपादनात रामराव चिंचोलकर सोबत होते. मालक-प्रकाशक म्हणून वामन बळिराम लाखे उभे राहिले. हे लाखे पुढे रायपुरातील सहकारी चळवळीचे एक आधारस्तंभ झाले. तिघेही मराठी घरांतील, आणि मासिक मात्र हिंदी. छपाई आधी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये, नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. म्हणजे हस्तलिखित पेंड्र्याहून निघायचे, शेकडो कोसांचा प्रवास करून छापून व्हायचे, आणि पुन्हा टपालाने खेड्यापाड्यांतील मोजक्या वाचकांकडे जायचे.

ते दिवस कोणते होते हेही पाहिले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळातून छत्तीसगढ अजून सावरला नव्हता, तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ कोसळला. भाताची कोठारे म्हणून ओळखला जाणारा मुलूख खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर जगत होता. अशा वेळी मासिक काढणे हे वरवर पाहता चैनीचे काम वाटेल. पण माधवरावांची समजूत वेगळी होती. जी जनता आपल्या दुःखाचे कारण वाचू शकत नाही ती त्या दुःखावर बोलूही शकत नाही, आणि जी बोलू शकत नाही तिच्यावर कोणीही राज्य करू शकतो. शाळा उघडण्याइतका पैसा हाती नसेल तर मासिकालाच शाळा करावे, हा त्यांचा विचार होता. 'छत्तीसगढ मित्र' मध्ये शिक्षण, आरोग्य, इतिहास, थोरांची चरित्रे, नव्या पुस्तकांची परखड परीक्षणे असा मजकूर असे. हिंदीतील ग्रंथपरीक्षणाला त्यांनी शिस्त लावली. शिक्षक वहीवर जसा तांबड्या शाईने चूक दाखवतो, तसे ते लेखकांना दाखवीत.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९०२ मध्ये, हे मासिक बंद पडले. कारण साधे होते. वर्गणीदार थोडे, त्यातले वेळेवर पैसे देणारे त्याहून थोडे. तोटा वाढत गेला आणि तो घरच्या पैशातून भरून काढणे अशक्य झाले. गरिबांसाठी चालविलेली नियतकालिके कशी बंद पडतात ह्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ह्यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. मात्र मासिक बंद पडल्यावर माधवराव स्वस्थ बसले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा जो कोश सिद्ध केला, त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. भांडवल, मजुरी, नफा, खंड ह्या गोष्टींना देशी भाषेत नेमके शब्द असल्यावाचून शोषणाची चर्चाच करता येत नाही. ज्याला शब्द नाही त्या अन्यायाविरुद्ध अर्जही लिहिता येत नाही.

म्हातारी, जमीनदार आणि चूल

ह्याच 'छत्तीसगढ मित्र' मध्ये १९०१ साली माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती ह्याविषयी मतभेद आहेत, पण अनेक अभ्यासक हा मान ह्या कथेला देतात. आपल्या दृष्टीने मानापेक्षा तिचा विषय महत्त्वाचा आहे.

एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका अनाथ विधवेची झोपडी आहे. जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे आहे. म्हातारी झोपडी सोडायला तयार नाही, कारण तिचा नवरा, तिचा एकुलता एक मुलगा त्याच झोपडीत गेले. सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली. जमीनदार वकिलांच्या थैल्या भरतो आणि न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी शेजारी कोठेतरी आसऱ्याला जाते. एके दिवशी ती टोपली घेऊन परत येते आणि विनवणी करते, की नात जेवत नाही, आपल्याच घरी जेवीन म्हणते. तेव्हा ह्या झोपडीतली टोपलीभर माती न्यावी, तिची चूल करावी आणि त्या चुलीवर भाकरी भाजावी, म्हणजे पोर जेवेल. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपलीला हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला एवढेच विचारते, की एका टोपलीचे ओझे पेलत नाही, मग ह्या झोपडीत अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचे ओझे जन्मभर कसे पेलाल?

कथेचा शेवट जमीनदाराच्या पश्चात्तापाने होतो. तो झोपडी परत करतो. हा शेवट आज आपल्याला भाबडा वाटेल. जमीनदाऱ्या हृदयपरिवर्तनाने संपल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर कायदा करून त्या रद्द कराव्या लागल्या, आणि तो कायदा होण्यामागे देशभरातील शेतकऱ्यांचे दीर्घ लढे होते. तेलंगणात, तेभागात, वारली आदिवासींच्या ठाण्यात जे घडले ते म्हातारीच्या विनवणीने घडले नाही. हा फरक स्पष्टपणे मांडला पाहिजे.

पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही कथा लिहिणारा माणूस तेव्हा एका जमीनदाराच्याच मुलाचा शिक्षक म्हणून जगला होता, त्याच पगारातून वाचविलेल्या पैशावर हे मासिक उभे होते. त्या मासिकात त्याने लिहिले ते जमीनदाराच्या औदार्याविषयी नव्हे, तर वकील आणि न्यायालय कोणाच्या थैलीवर चालतात त्याविषयी. कथेत घर म्हणजे भिंती नव्हेत; घर म्हणजे चूल, आणि चुलीपाशी जेवायला बसणारे पोर. सत्ता जेव्हा गरिबावर घाव घालते तेव्हा ती ह्या चुलीवरच घाव घालते, हे माधवरावांनी तिशीच्या उंबरठ्यावरच ओळखले होते. तोच घाव सात वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या घरावर पडणार होता.

१९०८ : तुरुंग आणि घर

१९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशी आणि बहिष्काराची लाट देशभर उसळली. माधवराव नागपूरला आले. तेथून त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. स्वदेशी आणि बहिष्कार ह्यांवरील त्यांचे पुस्तक १९०६ साली निघाले, ते पुढे सरकारने जप्त केले. १३ एप्रिल १९०७ रोजी टिळकांच्या 'केसरी' चा हिंदी अवतार म्हणून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक त्यांनी नागपुरात सुरू केले. खेड्यातील शिक्षक, टपालवाले, छोटे दुकानदार ह्यांच्यापर्यंत राष्ट्रीय राजकारण हिंदीतून पोचू लागले. ह्या पत्राने राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार ह्या विषयावर निबंधस्पर्धा ठेवली. तीत पहिला आलेला तरुण होता खांडव्याचा एक प्राथमिक शिक्षक, माखनलाल चतुर्वेदी. पुढे हिंदी कवितेत आणि पत्रकारितेत ज्याने आपले स्थान निर्माण केले तो हाच. शिक्षकाने शिक्षकाला हेरले ते असे.

ह्याच काळात माधवरावांनी 'सरस्वती' मासिकात संप ह्या विषयावर निबंध लिहिला. संप म्हणजे दंगा नव्हे. मालक आणि मजूर ह्यांच्या हितसंबंधांतील विरोधातून तो उद्भवतो, ही गोष्ट हिंदी वाचकाला इतक्या लवकर कोणी समजावून सांगितली असेल तर ती ह्या रायपूरच्या मास्तरांनी. आणि लवकरच प्रत्यक्ष इतिहासाने तिची साक्ष दिली. २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून रस्त्यांवर गोळ्या झेलल्या. भारतातील कामगारवर्ग जाणीवपूर्वक राजकीय लढ्यात उतरला आहे, अशी नोंद लेनिन ह्यांनी त्याच सुमारास केली.

मुंबईचा संप संपून महिना व्हायच्या आत, २२ ऑगस्ट १९०८ रोजी माधवरावांना नागपुरात अटक झाली. 'देशसेवक' चे अच्युत बळवंत कोल्हटकर हेही पकडले गेले. कलम तेच, १२४-अ, राजद्रोह. टिळकांना झालेली शिक्षा सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

येथे माधवरावांच्या आयुष्यातील तो अवघड भाग येतो. माफीनाम्यावर सही केली तर सुटका, अशी वाट सरकारने उघडी ठेवली. माधवराव तयार नव्हते. तेव्हा थोरल्या बंधूंनी, ज्या बाबूरावांनी बापाच्या मायेने त्यांना वाढविले होते त्यांनी, निर्वाणीचा निरोप धाडला : सही केली नाहीस तर मी आत्महत्या करीन. माधवरावांनी सही केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते सुटले.

ही गोष्ट पुष्कळ चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. काही ठिकाणी ती झाकली जाते, काही ठिकाणी तिच्यावरून माणसाला एकदम खाली ओढले जाते. दोन्ही गोष्टी अन्याय्य आहेत. माफीनामा ही राजकीय चूक होती. 'हिंदी केसरी' चे वाचक, त्यावर विसंबलेले तरुण, तुरुंगात गेलेले सहकारी ह्यांना त्याने धक्का बसला. साम्राज्यशाहीला नेमके हेच हवे होते. एका संपादकाला सहा वर्षे डांबून ठेवण्यापेक्षा त्याच्याच हाताने त्याचा शब्द मागे घ्यावयास लावणे तिला अधिक फायद्याचे होते. ह्यात संशय नाही.

परंतु ह्या चुकीचे मूळ भित्रेपणात नव्हते, हेही तितकेच खरे आहे. स्वतःच्या शिक्षेला हा माणूस भ्यालेला नव्हता. त्याला नमविले ते भावाच्या प्राणाच्या भीतीने. सरकारने तुरुंगाची भिंत उभी केली होती; पण तीवरून आत पोचला तो घराचा आक्रोश. बाबूराव हे सरकारचे हस्तक नव्हते. ते भावावर प्रेम करणारे, प्रतिष्ठेला आणि उपासमारीला भ्यालेले, एकाकी कुटुंबप्रमुख होते. राजबंद्यांच्या घरांची जबाबदारी घेणारी भक्कम संघटना तेव्हा उभी नव्हती. आंदोलन सभेत होते, वर्तमानपत्रात होते. ते बाबूरावांच्या ओसरीवर जाऊन बसले नव्हते. जेथे चळवळ पोचत नाही तेथे राजसत्तेची भीती पोचते.

ऋण फेडण्याची रीत

सुटकेनंतर माधवरावांना घर गोड लागले नाही. ज्या घरासाठी सही केली त्याच घरात ते राहू शकले नाहीत. वर्ध्याकडील हनुमानगढ येथे श्रीधर विष्णु परांजपे ह्या रामदासी सत्पुरुषाच्या सान्निध्यात ते गेले. अंगावर साधे वस्त्र, मधुकरी मागून जेवण, 'दासबोधा' चे पुन्हा पुन्हा वाचन, असा काळ त्यांनी घालविला. आपण ह्या मार्गाशी सहमत असू वा नसू. पण एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. ह्या माणसाने आपल्या चुकीचे समर्थन केले नाही. परिस्थितीला, भावाला, सहकाऱ्यांना दोष दिला नाही. सुटकेचा उपयोग करून सरकारी मर्जीही संपादन केली नाही. वास्तविक अशा वेळी ती सहज मिळाली असती.

मग ते रायपूरला परतले, आणि जे त्यांना उत्तम येत होते ते काम त्यांनी पुन्हा हाती घेतले. १९११-१२ च्या सुमारास त्यांनी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. त्या काळी छत्तीसगढमध्ये शिकलेली स्त्री म्हणजे हजारांत एखादी. मुलगी घराबाहेर पडून शिकू लागली की घरातला कर्ता पुरुष बिचकतो, शेजारी कुजबुजतात, जात डोळे वटारते. हे सारे सोसून शाळा चालविणे हे व्याख्यान देण्यापेक्षा कठीण काम असते. घराच्या भीतीने ज्याचा घात केला होता, त्या माणसाने घरातल्या अर्ध्या माणसांना साक्षर करण्याचे काम अंगावर घ्यावे, हा योगायोग असेल किंवा नसेल. परंतु त्यातला न्याय डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

दुसरे काम भाषांतराचे. 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद लगोलग माधवरावांनी केला. ज्यांच्या पक्षाचे पत्र चालवीत असताना माफीनाम्यावर सही झाली होती, त्या टिळकांचाच ग्रंथ त्यांच्या हाती यावा, ह्याचा अर्थ उघड आहे. चूक करणाऱ्याला कामाच्या जागी परत उभे करण्याचा मोठेपणा त्या पिढीत होता. पुढे चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी हिंदीत नेला. मराठीतील विचारधन हिंदीच्या विशाल प्रदेशात पोचविणारा पूल म्हणून ते एकटे उभे राहिले.

तिसरे काम नवी माणसे उभी करण्याचे. जानेवारी १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' साप्ताहिक निघाले. त्यामागची प्रेरणा आणि खटपट माधवरावांची. संपादक म्हणून नाव मात्र माखनलाल चतुर्वेदींचे. सेठ गोविंददास, द्वारकाप्रसाद मिश्र ह्यांच्यासारखे पुढे राजकारणात आणि साहित्यात गाजलेले तरुण त्यांच्या सहवासात घडले. स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे करणे हा चांगल्या शिक्षकाचा स्वभाव असतो. १९०८ नंतर माधवरावांनी तो व्रतासारखा पाळला.

असहकाराच्या दिवसांत रायपुरात राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले, सरकारी शाळा सोडणाऱ्या मुलांना आसरा मिळाला. त्यातही माधवराव आणि त्यांचे जुने साथी वामनराव लाखे होते. अनाथ मुलांसाठी अनाथालय निघाले. त्याच वर्षांत छत्तीसगढची माती हलू लागली होती. १९२० मध्ये धमतरीजवळ कंडेलच्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्याच्या दंडाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि राजनांदगावच्या गिरणी कामगारांनी ठाकूर प्यारेलाल सिंह ह्यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप लढविला. ह्या लढ्यांचे श्रेय एका मास्तराला देणे हास्यास्पद ठरेल. ते शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे आहे. मात्र वीस वर्षांपूर्वी जेथे वाचणारा मिळत नव्हता तेथे पत्रक लिहिणारा, ते वाचून दाखविणारा आणि ऐकणारा तयार झाला होता. त्या मशागतीत पेंड्र्याच्या शिक्षकाचा घाम होता.

नोव्हेंबर १९२४ मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठी मातृभाषा असलेल्या माणसाला हिंदीने दिलेला हा मान होता. त्यानंतर दीड वर्षात ते गेले. रायपुरातील एक शाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि भोपाळ येथे १९८४ साली स्थापन झालेले जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालयही त्यांच्याच नावाने उभे आहे.

मर्यादा आणि शिकवण

माधवरावांच्या कार्याच्या मर्यादा होत्या. त्यांनी जनतेसाठी हिंदी निवडली, पण खेड्यातील माणूस बोलत होता ती छत्तीसगढी. तिच्याकडे साहित्यभाषा म्हणून त्यांचे लक्ष गेले नाही. समाजाच्या अन्यायाचे निदान त्यांनी बरेचसे अचूक केले, पण उपाय मात्र नीती, धर्म आणि सज्जनांचे मन वळविणे ह्यांत शोधला. त्यांच्या कथेतली म्हातारी एकटी आहे. तिच्यासारख्या इतर झोपड्या कथेत दिसत नाहीत. दहा झोपड्यांतल्या दहा म्हाताऱ्या आणि त्यांची पोरे एकत्र आली असती तर टोपली उचलण्याची विनवणी करावी लागली नसती. हे पाऊल पुढच्या पिढ्यांनी टाकले.

परंतु ह्या मर्यादांपेक्षा मोठी अशी एक शिकवण त्यांचे आयुष्य मागे ठेवून गेले आहे, आणि ती संघटना बांधणाऱ्यांसाठीच आहे. कार्यकर्ता हवेत जगत नाही. त्याला म्हातारे आईबाप असतात, कर्ज काढून शिकविणारा भाऊ असतो, शाळेची फी मागणारी मुले असतात, रात्री दाराची कडी वाजली की दचकणारी पत्नी असते. कुटुंबवत्सलता हा क्रांतिकार्यातील दोष नव्हे. ज्याचे आपल्या माणसांवर प्रेम नाही त्याचे परक्यांवरचे प्रेमही पोकळच असते. माधवरावांनी घरावर प्रेम केले म्हणूनच चुलीची कथा त्यांना लिहिता आली. पण ज्या घराला चळवळीची उब नाही ते घर संकटाच्या वेळी कार्यकर्त्याच्या पायातील बेडी होते. आणि ज्या घराच्या चुलीपाशी चळवळ बसलेली असते तेच घर त्याचा किल्ला होते. संपाच्या काळात घरोघर धान्य पोचविणाऱ्या समित्या, तुरुंगात गेलेल्यांच्या मुलांच्या शाळेची काळजी घेणारे शेजारी, बायकांच्या बैठका घेणाऱ्या कार्यकर्त्या : ही कामे दुय्यम समजली जातात. वास्तविक लढ्याचा निकाल पुष्कळदा तेथेच लागतो. १९०८ च्या नोव्हेंबरात तो तेथेच लागला.

दुसरी गोष्ट पडलेल्या माणसाविषयीची. माधवराव सदतिसाव्या वर्षी पडले. त्यांचे आयुष्य तेथेच संपले असे त्यांच्या काळाने ठरविले असते, तर मुलींची शाळा निघाली नसती, 'कर्मवीर' निघाला नसता, हिंदी 'गीतारहस्य' ला दुसरा हात शोधावा लागला असता. त्यांनी चूक शब्दांनी पुसण्याचा प्रयत्न केला नाही. अठरा वर्षे काम करून तिचे ऋण फेडले. चुकीला चूक म्हणणे आणि माणसाला पुन्हा कामाला लावणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता आल्या पाहिजेत. कठोरपणा आणि आपुलकी ह्यांच्यातला हा तोल ज्या संघटनेला साधतो तीच दीर्घकाळ टिकते.

छत्तीसगढची माती आजही जड आहे. तिच्याखाली कोळसा आहे, लोखंड आहे, आणि तिच्यावर धान पिकविणाऱ्यांची घरे आहेत. वाड्याचे आवार वाढविण्याची हाव केवळ जमीनदारांबरोबर संपली असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हणून त्या म्हातारीचा प्रश्न एकशे पंचवीस वर्षांनंतरही जुना झालेला नाही : हजारो टोपल्या मातीचे हे ओझे कोण पेलणार? एका रायपूरच्या मास्तराने तो प्रश्न साध्या शब्दांत, सर्वांना समजेल अशा भाषेत विचारून ठेवला. त्याला उत्तर देण्याचे काम एकट्यादुकट्याचे नाही. ते सर्वांनी मिळून करायचे आहे. ज्यांनी खेड्यातल्या पोरांना अक्षर दिले, घरावर जीव लावला, चुकले तेव्हा मान खाली घातली आणि पुन्हा खडू उचलला, त्या माधवराव सप्रे ह्यांना आदरपूर्वक अभिवादन.